चक्री फिरवण्याआधी खिळे मोजा!

बालमित्रांनो, जत्रेत गेल्यावर तुम्ही आधी कुठं धावता? कुणी पाळण्याकडं, कुणी भेळीच्या गाड्याकडं, कुणी पिपाणी घ्यायला. आमच्या धाराशिव जिल्ह्यात जत्रांना काही तोटा नाही. आश्विनात तुळजापूरला भवानीमातेच्या दर्शनाला माणसांचे लोंढे येतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा लोक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. गावोगावच्या लहान जत्रा तर वेगळ्याच! आणि जत्रा म्हटली की कुठंतरी कोपऱ्यात एक चक्री असतेच.

चक्री म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. लाकडी गोल असतो. त्याच्या कडेला ओळीनं खिळे ठोकलेले असतात. दोन खिळ्यांच्या मध्ये एक घर. वर एक पट्टी असते. गोल फिरवला की पट्टी खिळ्यांवर टर्रर्र वाजते, मग टर्र... टर्र... ट... आणि थांबते. ज्या घरात पट्टी थांबेल ती वस्तू आपली!

आज मी तुम्हांला या चक्रीचं गणित सांगणार आहे. घाबरू नका. अपूर्णांक येत असले की पुरे.

ऐंशी रुपयांची गोष्ट

गेल्या माघात आमच्या गावची जत्रा भरली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळा होती. पाचवीच्या वर्गाला मी कोन मोजायला दिले. सगळी मुलं कामाला लागली, एक मुलगा मात्र नुसताच बसून होता. वर्गात कंपासपेटी नसलेला तो एकटाच. आदल्या आठवड्यात तर त्यानं मला ऐटीत सांगितलं होतं, "सर, जत्रंत घेनार हाय!"

"काय रे, घेतली का कंपासपेटी?" मी विचारलं. त्यानं मान खाली घातली. मधल्या सुट्टीत मी त्याला कडुलिंबाखाली बोलावलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

"सर, मायनं ऐंशी रुपये दिले व्हते. समदे चक्रीवर गेले."

"सगळे?"

"दहा रुपयाला एक बार. आठ बार फिरवली. दोन गोळ्या आल्या आन् एक पेन. बाकी पाच बार 'पुन्हा या'."

"अरे, मग मध्येच थांबायचं नाही का?"

त्यानं डोळे पुसले. "सर, चक्रीवर स्टीलचा डबा व्हता. मायच्या डब्याचं झाकण बसत नाही. रानात भाकरी नेताना कालवण सांडतं. म्हनलं, आधी मायला डबा लागू दे. चक्रीवर पाचच तर नावं व्हती. डबा, चेंडू, पेन, गोळी आन् 'पुन्हा या'. पाच बार फिरवली तर एकदा डबा यायलाच पायजे का नाही? दोन बार तर एका खिळ्यानं हुकला!"

आता सांगा, अशा पोराला रागवायचं तरी कसं? पण मुलांनो, त्याच्या या बोलण्यात गणिताच्या तीन चुका लपल्या आहेत. त्या फक्त लहान मुलं करतात असं नाही. चांगली मोठी माणसं करतात.

पहिली चूक : चक्रीवर पाच नावं आहेत, म्हणजे डबा लागण्याची शक्यता पाचांत एक.
दुसरी चूक : पाचांत एक म्हणजे पाच वेळा फिरवली की एकदा लागणारच.
तिसरी चूक : एका खिळ्यानं हुकला, म्हणजे आता जवळ आला आहे.

एकेक चूक आपण सोडवू या.

नावं मोजू नका, घरं मोजा

त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः जत्रेत गेलो. चक्रीपाशी जाऊन बाजूला उभा राहिलो आणि शांतपणे खिळे मोजले. बरोबर २४ खिळे होते, म्हणजे घरंही २४. सगळी घरं सारख्याच मापाची. मग कुठल्या वस्तूला किती घरं आहेत ते मोजलं. ते असं होतं :

डबा : १ घर
चेंडू : २ घरं
पेन : ३ घरं
गोळी : ६ घरं
पुन्हा या : १२ घरं
एकूण : २४ घरं

पाहिलंत? नावं पाच, पण प्रत्येकाचा वाटा वेगळा! भाकरीचे पाच तुकडे केले म्हणजे प्रत्येक तुकडा पाचवा हिस्सा होतो का? नाही. तुकडे सारखे असतील तरच होतो. इथंही तसंच आहे. सारखी आहेत ती २४ घरं, पाच नावं नव्हेत.

म्हणून चक्रीचा नियम असा :

संभाव्यता = आपल्याला हव्या त्या घरांची संख्या ÷ एकूण सारख्या घरांची संख्या

'संभाव्यता' हा शब्द थोडा जड वाटतो ना? तुमच्या ताईच्या किंवा दादाच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात याच नावाचा धडा आहे. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे आकड्यात सांगणं म्हणजे संभाव्यता. चक्री थांबून जे काही येऊ शकतं त्या प्रत्येकाला 'निष्पत्ती' म्हणतात. आणि सगळ्या निष्पत्ती येण्याची शक्यता सारखीच असेल, तर त्या 'समसंभाव्य'. आपला नियम समसंभाव्य निष्पत्तींसाठीच आहे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

आता मांडा बरं :

डब्याची संभाव्यता १/२४
चेंडूची २/२४, म्हणजे १/१२
पेनाची ३/२४, म्हणजे १/८
गोळीची ६/२४, म्हणजे १/४
'पुन्हा या'ची १२/२४, म्हणजे १/२

सगळ्यांची बेरीज केली की १ येते. यायलाच हवी, कारण पट्टी कुठंतरी थांबणारच! जे नक्की घडणार त्याची संभाव्यता १. जे घडूच शकत नाही त्याची ०. या चक्रीवर सायकल लागण्याची संभाव्यता किती? शून्य, कारण सायकलीचं घरच नाही. बाकी सगळ्या शक्यता ० आणि १ यांच्या मध्ये बसतात.

आमचा पोरगा १/५ समजून खेळत होता. खरी शक्यता होती १/२४. केवढा फरक!

वर्गातली चक्री

नुसतं फळ्यावर लिहून कुणाला पटणार? मग आम्ही वर्गातच चक्री केली. तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत.

जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या. त्यावर मोठं वर्तुळ काढा. पूर्ण वर्तुळाचा कोन ३६० अंशांचा असतो. त्याचे २४ सारखे भाग करायचे, म्हणजे ३६० भागिले २४, प्रत्येक घर १५ अंशांचं. कोनमापकानं १५-१५ अंशांच्या खुणा करून रेघा ओढा. एकाआड एक घरात 'पुन्हा या' लिहा. जत्रेतल्या चक्रीवरही तसंच होतं. उरलेल्या १२ घरांत बाकीच्या वस्तू वर दिल्याप्रमाणे लिहा. आता वर्तुळाच्या मध्यावर एक यू-पिन ठेवा. पिनेच्या एका टोकाच्या आत पेन्सिलचं टोक धरून ते मध्यबिंदूवर टेकवा आणि पिनेला टिचकी मारा. पिन गरगर फिरते आणि एका घरात थांबते. रेघेवर थांबली तर पुन्हा टिचकी!

माझ्या टेबलाच्या खणात एक जुनी कंपासपेटी होती. ती मी त्या मुलाला वर्षअखेरीपर्यंत उसनी दिली आणि चक्री आखायचं काम त्याच्याकडंच सोपवलं. एक घर जरा मोठं झालं तर त्यानं पुठ्ठा उलटा करून सगळं पुन्हा आखलं.

सुरुवातीला एक गंमत झाली. चक्री आम्ही बाकावर ठेवली होती आणि बाकाचा एक पाय होता आखूड. पिन सारखी उताराच्या बाजूलाच थांबू लागली! घरं सारखी होती, पण शक्यता सारखी राहिली नव्हती. मग चक्री सपाट फरशीवर ठेवली. म्हणून म्हटलं, घरं सारखी आणि फिरणंही निर्वेध असेल तरच आपला नियम चालतो.

वर्गात ३० मुलं. प्रत्येकानं आठ वेळा फिरवायचं ठरलं, म्हणजे त्या मुलानं जत्रेत फिरवली तितक्याच वेळा. ३० गुणिले ८, एकूण २४० वेळा. व्हरांड्यात खडूनं पाच गोल आखले. प्रत्येक वेळी जे येईल त्या गोलात एक चिंचोका टाकायचा. दोन तास नुसता कल्ला चालला होता!

टाकण्याआधी आम्ही अंदाज लिहून ठेवला. २४० चा चोविसावा भाग १०, म्हणून डबे १० यावेत. त्याच हिशेबानं चेंडू २०, पेन ३०, गोळ्या ६० आणि 'पुन्हा या' १२०. शेवटी चिंचोके मोजले, तेव्हा डबे आले ८, चेंडू २३, पेन २७, गोळ्या ६४ आणि 'पुन्हा या' ११८.

नेमके तितकेच आले नाहीत. पण किती जवळ आले बघा! संभाव्यता हे भविष्य नव्हे. पुढच्या टिचकीला काय येईल ते ती सांगत नाही. पुष्कळ टिचक्या मारल्या तर साधारण काय होईल ते सांगते. आठ टिचक्यांत काहीही होऊ शकतं, २४० मध्ये चक्री आपलं खरं रूप दाखवते.

आठ डबे कुणाला मिळाले? सात जणांना, कारण एका मुलीला दोनदा डबा आला. म्हणजे ३० पैकी २३ जणांना आठ-आठ वेळा फिरवूनही डबा मिळालाच नाही!

तो मुलगा बराच वेळ त्या चिंचोक्यांकडं बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हंजी माझं नशीब वाईट नव्हतं?"

"मुळीच नव्हतं. तुझ्यासारखंच आणखी बावीस जणांचं झालंय. जत्रेतून आलास तेव्हा तूच एकटा आहेस असं वाटलं, कारण बाकीच्यांची मोजदाद कुणी केली नव्हती."

(मोठ्या मुलांसाठी : एका टिचकीत डबा न येण्याची संभाव्यता २३/२४. आठही वेळा न येण्याची काढायची तर २३/२४ ला स्वतःशी आठ वेळा गुणायचं. उत्तर सुमारे ०.७१ येतं. म्हणजे शंभर मुलांनी आठ-आठ वेळा फिरवली, तर साधारण ७१ मुलं डब्याविना घरी जातील. गुणून बघा.)

चक्रीला आठवण नसते

आता दुसरी चूक. खेळताना एका मुलाला लागोपाठ चार वेळा 'पुन्हा या' आलं. बाकीची पोरं ओरडू लागली, "आता लागणार! आता लागणारच!" पाचव्यांदा काय आलं? पुन्हा 'पुन्हा या'!

मुलांनो, मागच्या वेळी काय आलं हे पुठ्ठ्याला माहीत नसतं, आणि पिनेलाही नसतं. चार वेळा रिकामं गेलं म्हणून पाचव्या वेळी डब्याचं घर मोठं होत नाही. ते १५ अंशांचंच राहतं. म्हणून प्रत्येक वेळी डब्याची संभाव्यता १/२४ आणि रिकाम्याची १/२. 'इतके पैसे गेले, आता थांबलो तर वाया जातील' असं मनाला वाटतं. गेलेले पैसे चक्रीला दिसत नाहीत.

तिसरी चूकही अशीच. डब्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना 'पुन्हा या' होतं. त्यामुळं डबा हुकताना कैकदा 'एका खिळ्यानं हुकला' असंच दिसतं. पण एका खिळ्यानं हुकला काय आणि दहा खिळ्यांनी हुकला काय, हातात काही येत नाही. नेमबाजीत नेम जवळ आला तर सराव सुधारतोय असं म्हणता येतं. चक्रीत सराव नसतो.

पैशांचा हिशेब

आता दुकानदाराच्या बाजूनं बघू. समजा २४ माणसांनी एकेकदा चक्री फिरवली आणि प्रत्येक घर बरोबर एकदा आलं. दुकानदाराला मिळाले २४ गुणिले १०, म्हणजे २४० रुपये. त्यानं दिलं काय? साठ रुपयांचा एक डबा. अठरा रुपयांचे दोन चेंडू, म्हणजे ३६. सहा रुपयांचे तीन पेन, म्हणजे १८. एक रुपयाच्या सहा गोळ्या, म्हणजे ६. एकूण १२० रुपये. २४० घेतले, १२० चा माल दिला. म्हणजे आपण दहा रुपये टाकतो तेव्हा सरासरी पाच रुपयांची वस्तू परत येते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची माय शाळेत आली. पोरानं घरी स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. तिनं दारातूनच विचारलं, "गुरुजी, त्यो चक्रीवाला लबाड हाय का?"

मी म्हटलं, "नाही बाई. चक्री सरळ होती. खिळे, घरं, नावं, सगळं त्यानं समोर मांडलेलं होतं. आपल्याच पोरानं मोजलं नाही. आणि तोच डबा दोन दुकानं सोडून भांडीवाल्याकडं साठ रुपयांना होता."

माय क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "साठाचा डबा, आन् पोरगं ऐंशी घालून बसलं व्हय! गुरुजी, ह्येला हिशोब नीट शिकवा."

तुळजापूरचा चिंतामणी

वर्गात एक चौकस मुलगी आहे. तिनं विचारलं, "सर, तुळजापूरला देवळात फिरता दगड हाय. त्याची तीनच उत्तरं असतात. मग प्रत्येकाची संभाव्यता १/३ का?"

तुळजापूरला गेलेल्यांनी हा दगड पाहिला असेल. तुळजाभवानीच्या देवळाच्या मागच्या बाजूला तो गोल दगड आहे. त्याला चिंतामणी म्हणतात, कुणी शकुनवंतीही म्हणतं. भाविक मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवतात. दगड उजवीकडं फिरला तर उत्तर होय, डावीकडं फिरला तर नाही, हललाच नाही तर काम लांबणीवर, अशी श्रद्धा आहे.

मी तिला म्हटलं, "श्रद्धा तिच्या जागी राहू दे, तिथं आपण गणित मांडायला जायचं नाही. पण तुझा प्रश्न गणिताचा आहे, म्हणून उत्तर देतो. उत्तरं तीन आहेत एवढ्यावरून प्रत्येकाचा वाटा १/३ म्हणता येत नाही. तिन्ही समसंभाव्य आहेत हे आधी ठाऊक पाहिजे. शिवाय दगडावर माणसाचे हात असतात. चक्रीला टिचकी मारली की आपला हात सुटतो, इथं हात शेवटपर्यंत राहतो. म्हणून आपला नियम त्याला लागू नाही." तिला ते पटलं. तुम्हीही ध्यानात ठेवा. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, या दोनच गोष्टी आहेत. म्हणून पावसाची शक्यता अर्धी होते का? माघात आणि श्रावणात सारखीच? मुळीच नाही!

मोजणाऱ्यांची परंपरा

मोजून मग खेळावं, ही गोष्ट आपल्याकडं फार जुनी आहे. महाभारतातल्या वनपर्वात नळराजाची कथा येते. नळ फाशांच्या खेळात राज्य हरला आणि पुढं ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला. एकदा वाटेत ऋतुपर्णानं बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती आहेत हे पाहता पाहता सांगितलं. नळानं रथ थांबवून मोजलं, तर आकडा बरोबर! मग ऋतुपर्णानं नळाला फाशांची विद्या दिली आणि नळानं त्याला घोड्यांची. झाडाचा अंदाज घेणारा राजाच फाशांची विद्या जाणत होता, हे या कथेत मला फार आवडतं.

युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली. प्रश्न होता, दोघांचा खेळ अर्ध्यावर मोडला तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे? खेळ पुढं किती प्रकारे संपू शकला असता ते मोजा, असं त्याचं उत्तर निघालं. या पत्रांतून संभाव्यतेचं शास्त्र वाढीला लागलं.

आणि आपल्या महाराष्ट्रात? कोल्हापूरला १९१९ साली जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला जाऊन संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकले. परत येऊन पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

हे शास्त्र खेळापुरतं नाही. हवामान खातं पावसाळ्याचा अंदाज देतं, तेव्हा पाऊस सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका की कमी, यांच्या शक्यता टक्क्यांत सांगतं. आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात पेरणीचा विचार करताना तो आकडा वाचता आला पाहिजे.

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, आता चक्री जत्रेपुरती राहिलेली नाही. मोबाइलवर रंगीत गोल फिरतो. त्यावर आठ सारखी घरं दिसतात. एकात मोटार, एकात फोन, एकात रोख रक्कम. पण या गोलाला खिळे नसतात. तो कुठं थांबायचा हे आतला प्रोग्रॅम ठरवतो. चित्रातली घरं सारखी असली, तरी आतले वाटे सारखे असतीलच असं नाही. जत्रेतली चक्री निदान मोजता येते, ही मोजताही येत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ साली केला. पण कायद्याबरोबर घरातही बोलणं व्हायला हवं. मूल पैसे हरून आलं तर आधी त्याचं ऐकून घ्या. मग त्याच्यासोबत बसून एक पुठ्ठ्याची चक्री करा. दोनशे टिचक्या माराव्या लागतील, पण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता तुमची पाळी!

१) एका चक्रीचे ८ सारखे भाग आहेत. त्यांवर १ ते ८ अंक लिहिले आहेत. (अ) सम संख्या येण्याची संभाव्यता किती? (आ) ५ पेक्षा मोठी संख्या येण्याची? (इ) ९ येण्याची? (ई) ९ पेक्षा लहान संख्या येण्याची?

२) एका चक्रीचा अर्धा भाग लाल आहे, पाव भाग निळा आहे. उरलेला भाग पिवळा आणि हिरवा यांत सारखा वाटला आहे. पिवळा येण्याची संभाव्यता किती? लाल न येण्याची किती?

३) दोन चक्र्या आहेत. प्रत्येकीवर १, २, ३ अशी तीन सारखी घरं आहेत. दोन्ही फिरवल्या. बेरीज ४ येण्याची संभाव्यता किती? बेरीज ६ येण्याची किती?

४) आपल्या २४ घरांच्या चक्रीवर लागोपाठ सहा वेळा 'पुन्हा या' आलं. सातव्या वेळी 'पुन्हा या' येण्याची संभाव्यता किती?

५) तुम्हांला १२ सारख्या घरांची चक्री करायची आहे. तिच्यावर डब्याची संभाव्यता १/४ हवी. डब्याला किती घरं द्याल? ती एकमेकांना लागून असतील तर मिळून किती अंशांचा कोन होईल?

उत्तरं बघण्याआधी वहीत सोडवा हं!

जाता जाता एक सांगतो. पुढं आम्ही काही मुलांना घेऊन शेजारच्या गावच्या जत्रेला गेलो होतो. तिथंही चक्री होती. दुसरीतला एक चिमुरडा मुठीत दहाची नोट धरून पुढं सरकला. तेवढ्यात आमच्या त्या मुलानं त्याचा खांदा धरला आणि म्हणाला, "थांब रं. आधी खिळे मोजू." दोघं बराच वेळ बोटं मोडत मोजत उभे राहिले. मग ती दहाची नोट पाळण्यात बसण्यात खर्च झाली.

उत्तरं : १) (अ) ४/८, म्हणजे १/२ (आ) ६, ७, ८ ही तीन घरं, म्हणून ३/८ (इ) ० (ई) १. २) पिवळा १/८, लाल न येण्याची १/२. ३) एकूण जोड्या ९. बेरीज ४ देणाऱ्या तीन जोड्या : १ व ३, २ व २, ३ व १. म्हणून ३/९, म्हणजे १/३. बेरीज ६ देणारी एकच जोडी ३ व ३, म्हणून १/९. ४) १/२. चक्रीला आठवण नसते! ५) ३ घरं; एक घर ३० अंशांचं, म्हणून ९० अंश, म्हणजे काटकोन.